हातोहाती आलेला प्रश्न : आयडीसीतील विद्यार्थी-प्रकल्प आणि यंत्रावरची देवनागरी

पवईला आयआयटी मुंबईच्या आवारात १९६९ साली 'इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर' सुरू झाले. आज त्याचे नाव आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन असे आहे, पण जुने-नवे सारे त्याला नुसते आयडीसीच म्हणतात. अशा संस्थेचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली वहिवाट असते : स्थापना, प्रमुखांची नावे, वाढलेले अभ्यासक्रम, नव्या इमारती, मानसन्मान. ही वहिवाट चुकीची नाही, पण तिच्यातून संस्थेत रोज काय चालले होते ते निसटते. आयडीसीत रोज चालतात ते प्रकल्प. पदव्युत्तर विद्यार्थी एखादा विषय निवडतो, लोकांत जाऊन पाहतो, आराखडे करतो, काहीतरी घडवतो, ते वापरणाऱ्याच्या हाती देऊन तपासतो, अहवाल बांधतो आणि निघून जातो. असे अहवाल वर्षानुवर्षे साठत आले आहेत. संगणक, सॉफ्टवेअरची रचना आणि मोबाइल या क्षेत्रांपुरते बोलायचे तर संस्थेची कमाई मोजण्याचे माप यांतले एकेकटे उपकरण किंवा ॲप हे नव्हे. एका तुकडीने अर्धवट सोडवलेला प्रश्न पुढच्या तुकडीने उचलला की नाही, हे ते माप आहे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते तपासण्यासाठी यंत्रावर देवनागरी लिहिण्याचा प्रश्न येथे घेतला आहे. कारण या प्रश्नाचा माग दोन पिढ्यांहून लांब काढता येतो.

आयडीसी सुरू झाली तेव्हा आयआयटीच्या आवारात संगणक होता. सोव्हिएत मदतीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत त्याच देशाचे 'मिन्स्क' यंत्र आले होते. पण ते यंत्र आकडेमोडीचे. डिझाइनच्या विद्यार्थ्याचे काम ड्रॉइंग बोर्डावर आणि वर्कशॉपमध्ये. जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन-शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या शिक्षकांनी इथल्या शिक्षणाला जी शिस्त लावली तिचा गाभा असा, की वस्तूचे रूप ठरवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाचे काम समजून घ्यायचे. ही शिस्त खुर्चीला लागू होती तशी अक्षरालाही. १९८३ साली र. कृ. जोशी आयडीसीत शिकवायला आले आणि देवनागरीचा प्रश्न संस्थेच्या आत आला. सुलेखनकार, कवी आणि जाहिरात-क्षेत्रात मुरलेले कलावंत असलेल्या जोशींना अक्षराच्या वळणाइतकाच ते वळण यंत्राला कसे शिकवायचे याचा ध्यास होता. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर-संशोधन संस्थेच्या सहकार्याने झालेले 'विन्यास' हे अक्षररचनेचे सॉफ्टवेअर त्या ध्यासातून आले. पुढे विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा फाँटही त्यांचाच. त्याच सुमारास दुसरा एक धागा कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन १९८८ साली पुण्याच्या सीडॅक या संगणक-संशोधन संस्थेत आला : संगणकाला भारतीय लिप्या समजावणारे 'जिस्ट' तंत्रज्ञान. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली आणि तिच्यासोबत 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाणित केला. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस अक्षरे दिसण्याचा आणि साठवण्याचा प्रश्न बराचसा मार्गी लागला होता. सामान्य माणसाने ती लिहायची कशी, हा प्रश्न मात्र तसाच उरला होता.

तो किती बिकट आहे हे कळण्यासाठी एकच शब्द पुरे : 'विद्यार्थ्यांची'. वाचणाऱ्याला यात चारच अक्षरे दिसतात : वि, द्या, र्थ्यां, ची. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या हिशेबात मात्र हा शब्द पंधरा संकेतांचा आहे. त्यात तीन हलन्त-चिन्हे आहेत जी कागदावर कुठेच दिसत नाहीत. 'वि'ची वेलांटी हात आधी काढतो, यंत्र ती 'व'नंतर साठवते. 'र्थ्यां'वरचा रफार हात सगळ्यांत शेवटी देतो, यंत्राला 'र' सर्वांत आधी हवा असतो. यंत्राचा क्रम उच्चाराचा आहे आणि तर्काला धरून आहे, पण शाळेत पाटीवर अक्षर गिरवलेल्या हाताचा क्रम वेगळा आहे. त्यात मराठीची खास गरज निराळी. 'दुसऱ्या'तला अर्धा र हिंदीच्या कळफलकाला ठाऊक नसतो. आणि 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. ज्याने टंकलेखनाचा वर्ग केला आहे त्याच्या दृष्टीने या अडचणी सरावाच्या आहेत. पण २०११च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाखांवर लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांतल्या बहुतेकांनी असा वर्ग कधी केलेला नाही आणि करणारही नाहीत. संगणकशास्त्राने हा प्रश्न संकेतांचा मानला होता. आयडीसीने तो माणसाच्या स्मरणाचा आणि सवयीचा मानला, आणि तिथून पुढचे सारे प्रकल्प निघाले.

या दृष्टिकोनातून आलेले एक ठळक फळ म्हणजे 'कीलेख'. आयडीसीतले शिक्षक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांचे हे काम २००४ साली व्हिएन्नाला झालेल्या 'सीएचआय' या मानव-संगणक आंतरक्रियेच्या जागतिक परिषदेत मांडले गेले. कल्पना साधी होती. इंग्रजी यंत्राच्या कळा उसन्या घेऊन त्यांवर आपली अक्षरे बसवण्याऐवजी कळफलकच वर्णमालेच्या मांडणीचा करायचा : क-वर्गाची एक ओळ, च-वर्गाची दुसरी, आणि स्वर एका बाजूला. पहिलीच्या भिंतीवरचा तक्ता ज्याच्या डोक्यात आहे त्याला 'ढ' कुठे शोधायचा हे शिकवावे लागत नाही. यावर रास्त आक्षेप असा आहे की सोपी मांडणी ही वेगवान मांडणी नसते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि सरावलेला टंकलेखक त्यावर झपाट्याने लिहितो. वर्णमालेच्या मांडणीत 'ङ' आणि 'ञ' यांसारखी क्वचित लागणारी अक्षरेही मानाची जागा अडवतात. आक्षेप खरा आहे, पण वेग हे कोणाचे माप, हाही प्रश्न त्याच्यासोबत विचारला पाहिजे. दिवसभर मजकूर टंकणाऱ्याला मिनिटाला किती शब्द होतात हे महत्त्वाचे. दिवसाकाठी चार ओळी लिहिणाऱ्याला पहिली ओळ कोणाला न विचारता लिहिता आली की नाही हे महत्त्वाचे. हा फरक आग्रहाने सांगून भागत नाही, मोजूनच दाखवावा लागतो. २०११च्या 'मोबाइल एचसीआय' परिषदेत टचस्क्रीनवरच्या देवनागरी कळफलकांची रचना आणि तुलना मांडणारा आयडीसीचा निबंध आला, तो या मोजणीच्या वाटेवरचा मोठा टप्पा होता.

मधल्या काळात प्रश्नाची जागाच बदलली होती. टेबलावरच्या संगणकाची वाट न पाहता लोकांनी मोबाइल हातात घेतला होता. बारा कळांच्या त्या फोनवर देवनागरीची पन्नासेक अक्षरे आणि वर मात्रा कोंबलेल्या असत. एका अक्षरासाठी तीच कळ चार-पाच वेळा दाबा, मग मात्रेसाठी दुसरी. साहजिकच लोकांनी मराठी रोमन लिपीत लिहायला घेतले, आणि ज्यांना तीही येत नव्हती त्यांनी लिहिणेच सोडून दिले. आयडीसीच्या प्रकल्पांनी या दोन्ही गटांकडे पाहिले. २००८ साली मांडलेली 'रांगोळी' ही फोनमधली नावांची वही कमी शिकलेल्या माणसासाठी होती. तीत नाव वाचून शोधण्याऐवजी रंग, चित्र आणि जागा यांच्या खुणेने माणूस ओळखायचा. २०१४ साली 'सीएचआय'मध्ये मांडलेले काम आणखी पुढचे : एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णांना औषधाची आठवण आणि उपचाराचा सल्ला फोनवरच्या आवाजातून देणारी व्यवस्था. तिथे पडदाही नाही आणि अक्षरही नाही; साधा फोन आणि बोललेली भाषा एवढेच साधन. वरवर पाहता या तीन गोष्टींचा, म्हणजे कळफलक, नावांची वही आणि बोलणारा फोन यांचा, एकमेकींशी संबंध नाही. मुळात मात्र तिन्हींचा प्रश्न एकच आहे : यंत्राने गृहीत धरलेले शिक्षण ज्याच्याजवळ नाही त्याच्याजवळ दुसरे काय आहे, आणि त्यावर यंत्र कसे उभे करता येईल?

२०१३ साली आलेले 'स्वरचक्र' हे या वाटेवरचे सर्वांत परिचित नाव. पडद्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क'वर बोट टेकवले की भोवती एक चक्र उमलते आणि त्यात का, कि, की, कु, कू असे पर्याय दिसतात. बोट हव्या त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. म्हणजे एका हालचालीत व्यंजन आणि मात्रा दोन्ही, आणि तेही मात्रा सुटी शोधत न बसता, बाराखडीत जशी भेटते तशी. जोडाक्षरासाठी चक्रातला पाय मोडलेला 'क्' निवडला की सगळ्या कळांवर त्या 'क्'शी होणारी जोडाक्षरे तयार दिसतात. न दिसणाऱ्या हलन्ताचे गणित माणसाला करावे लागत नाही. 'कीलेख' आणि 'स्वरचक्र' यांच्यामध्ये नऊ वर्षांचे अंतर आहे. एका विद्यार्थ्याची आयडीसीतली मुदत दोन वर्षांची. म्हणजे पहिल्या कामात हात असलेले विद्यार्थी बाहेर पडून, नोकरीत स्थिरावून, कदाचित तो विषय विसरूनही गेल्यावर दुसरे काम आकाराला आले. वर्णमालेची मांडणी ही जुन्या कामातली गोष्ट टिकली; कळांची घडी बदलली; बोट चक्रात सरकवण्याची कल्पना टचस्क्रीन आल्यावरच सुचू शकत होती. एवढी दीर्घ मुदत कोणत्याही एकट्या प्रकल्पाला मिळत नाही; ती केवळ संस्थेजवळ असते.

येथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला संशोधन म्हणावे का? काही महिन्यांत उरकलेले काम, दहा-वीस माणसांवर केलेली चाचणी, परीक्षकांसमोरचे सादरीकरण आणि मग ग्रंथालयाचे कपाट. बहुतेक अहवालांचे पुढे काहीच होत नाही, आणि सगळे मानव-संगणक आंतरक्रियेचे शिक्षण असेच चालते असे म्हणणारे कमी नाहीत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. एकेका अहवालाकडून सिद्धान्ताची अपेक्षा केली तर जवळजवळ सारेच अपुरे ठरतील. शेतातल्या एकेका रोपाकडून उत्पन्नाचा हिशेब मागितल्यासारखे ते आहे. प्रश्न असा विचारायला हवा की दहावा प्रकल्प करणाऱ्याला आधीच्या नऊंचा उपयोग झाला का? जिथे झाला तिथे लहान चाचण्या एकमेकींना जोडल्या गेल्या, चुकलेल्या मांडण्या पुन्हा करून पाहण्याचे श्रम वाचले आणि काही वर्षांनी जागतिक परिषदेत टिकेल असा पुरावा जमला. जिथे झाला नाही तिथे हुशार विद्यार्थ्याचे चांगले कामही वाया गेले. तेव्हा दोष प्रकल्पांच्या लहानपणाचा नाही. त्यांना जोडणारा दुवा कुठे होता आणि कुठे नव्हता, यावर सारे अवलंबून राहिले.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. आज मराठी माणूस फोनवर लिहितो ते बहुधा मोठ्या कंपन्यांच्या कळफलकावर. कोणी रोमन अक्षरे टंकून त्यांची देवनागरी करून घेतो, तर कोणी सरळ बोलून लिहवून घेतो. मग 'स्वरचक्र' हरले असे का म्हणू नये? वापराच्या शर्यतीत ते मागे पडले, हे प्रांजळपणे मान्य करावे. ज्या कंपनीचा कळफलक फोनसोबतच येतो तिच्याशी विद्यापीठातल्या ॲपची बरोबरी होणे अवघड. पण रोमनवरून देवनागरी करणारी पद्धत गृहीत धरते की लिहिणाऱ्याला आधी इंग्रजी अक्षरे येतात आणि 'ळ'साठी, 'ण'साठी, 'ष'साठी यंत्राचा अंदाज बरोबर निघेल. बोलून लिहिण्याची पद्धत गृहीत धरते की भोवती शांतता आहे, जे सांगायचे ते चारचौघांत बोलण्याजोगे आहे आणि बोली यंत्राला ओळखू येण्यासारखी आहे. ही गृहीतके कोणाला अडवतात हे सांगण्यासाठी बाजाराबाहेर कोणीतरी तुलना करणारे हवे, आणि तुलनेसाठी हातात दुसरी, खरोखर चालणारी पद्धत हवी. 'स्वरचक्र' ती पद्धत झाली. बाजारात जिंकणे आणि पर्याय जिवंत ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने दुसरे काम केले नाही तर ते दुसरे कोणी करणार नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून रुपयाचे चिन्ह घेता येईल. आयडीसीत तमिळ अक्षररचनेवर पीएचडीचे काम केलेल्या उदयकुमार यांची रचना खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मिलाफ असलेले हे चिन्ह आज पावत्यांवर सर्रास दिसते. संस्थेच्या इतिहासात एका संशोधक-विद्यार्थ्याचे इतके सर्वांना ठाऊक असलेले काम दुसरे सापडणे कठीण. मग एका माणसाच्या एका रचनेने हे साधले असेल तर 'हातोहाती आलेल्या प्रश्ना'चा सिद्धान्त लटका पडत नाही का? चिन्हापुढचा प्रवास पाहिला तर पडत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली. त्यानंतर ते एकेका फाँटमध्ये आखले जावे लागले, कळफलकावर बसवावे लागले, संगणकप्रणालींनी ओळखावे लागले. रेघ एका हाताने काढली, पण ती लोकांच्या वापरात आली ती संकेत, फाँट आणि कळ या तीन पायऱ्या चढून. आणि याच त्या पायऱ्या, ज्यांवर देवनागरीला त्याआधी कित्येक दशके खर्चावी लागली होती. शिवाय लिपीचा असा बारकाईने अभ्यास करण्यासाठी डिझाइनच्या संस्थेत पीएचडी करता येते, ही गोष्टही आपोआप घडलेली नाही. अक्षर हा अभ्यासाचा विषय मानणाऱ्या शिक्षकांनी आणि तुकड्यांनी ती आधी घडवली होती.

श्रेय एकट्या आयडीसीच्या पदरात टाकणेही बरोबर होणार नाही. त्याच आवारात संगणकशास्त्राच्या बाजूला कृती रामामृतम यांच्या मार्गदर्शनाखाली 'आक्वा' ही शेतकऱ्यांच्या प्रश्नोत्तरांची बहुभाषिक व्यवस्था उभी राहिली. तीत शेतकऱ्याला मराठीतून पिकाविषयी विचारता येई आणि जाणकारांकडून उत्तर मिळे. पुष्पक भट्टाचार्य यांच्या प्रयोगशाळेत हिंदी आणि मराठीची 'वर्डनेट' तयार झाली, म्हणजे शब्दांच्या अर्थांचे आणि परस्परसंबंधांचे यंत्राला वाचता येईल असे जाळे. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या पिढ्या राबल्या आणि दोन्ही ठिकाणी हीच गोष्ट दिसते : प्रबंध संपला तरी प्रश्न राहिला म्हणून काम वाढले. फरक आहे तो कोनाचा. संगणकशास्त्र विचारते, यंत्राला भाषा कशी कळेल. डिझाइन विचारते, माणसाला यंत्र कसे कळेल. एकाच आवारात हे दोन्ही प्रश्न शेजारी नांदले, यात संस्थेची शक्ती होती. ते अधिक वेळा एकत्र आले असते तर बरे झाले असते, असे म्हणायलाही जागा आहे.

शेवटचा आक्षेप संस्थेने स्वतःवरच घ्यायचा आहे. प्रश्न हातोहाती येतो म्हणताना विद्यार्थी बदलत राहतो आणि शिक्षक तिथेच असतो, तेव्हा तो शिक्षकाचाच प्रश्न नव्हे काय? आणि तसे असेल तर विद्यार्थी हा संशोधक की मदतनीस? यात तथ्य आहे. स्मरणिकांत शिक्षकांची नावे राहतात, निबंधांवरची दुसरी-तिसरी नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पण तक्त्यावरचा 'ढ' सापडतो की नाही हे पाहायला फोन घेऊन माणसांसमोर बसतो तो विद्यार्थी, आणि शिक्षकाची लाडकी कल्पना चालत नाही हे पहिल्यांदा कळते तेही त्यालाच. शिक्षक प्रश्न सांभाळतो. प्रश्न बदलतो तो विद्यार्थ्यांनी आणलेल्या पुराव्याने. म्हणून त्या पुराव्याची जपणूक संस्थेने इमारतीइतकीच गांभीर्याने करावी. यशस्वी ॲपची कहाणी कोणीही सांगेल. न चाललेल्या मांडण्या, अर्ध्यात थांबलेले नमुने, चाचणीत लोक कुठे अडले त्याच्या नोंदी या मात्र संस्थेने ठेवल्या तरच राहतात. आता फोन ऐकू लागला आहे, आपणहून वाक्येही लिहू लागला आहे, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याचे त्याला किती कळते हे पुन्हा कोणीतरी माणसांत बसून मोजायचे आहे. ते काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला कपाटातून २००४चा अहवाल काढता आला, त्यातले काय टिकले आणि काय मोडले हे दिसले, तर त्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. गेल्या अर्धशतकाने त्याच्यासाठी जे साठवले ते हेच.